विहीरवाल्याचा सुमेध

सुमेध कोणताही फॉर्म शेवटच्या पानापासून वाचायचा. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र आहे. तिथे येणारी बहुतेक माणसं कागद वाचतच नाहीत. "ताई, सही कुठं करू तेवढं सांगा," म्हणतात. हा बारावीतला उंच, हडकुळा मुलगा मात्र पहिल्याच दिवशी स्टूल ओढून बसला, गठ्ठा उलटा केला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "अरे, सुरुवात इकडून आहे." त्यावर तो म्हणाला, "काकू, आधी वर यायचं कसं ते बघावं, मंग उतरावं. उलटं केलं का मानूस फसतो."

हे तो विहिरीत शिकला होता. त्याचे वडील उत्तमराव विहिरी खोदायचे. विहिरीच्या काठावर यारी, म्हणजे वजन उचलायचं यंत्र, उभी करतात, तिच्या दोराला लोखंडी बादली असते, आणि त्या बादलीत उभं राहून माणूस साठ-सत्तर फूट खाली जातो. खाली जाण्याआधी तो मोठ्याने विचारतो, "वर कोन हाय?" वरचा माणूस आपलं नाव सांगतो. एकदा नाव सांगितलं की त्याने जागा सोडायची नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. आणि खाली काही वाईट झालंच, तर निरोप घेऊन त्यानेच त्या घरी जायचं. दुसऱ्याला पाठवायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा.

सुमेध नववीत असताना उत्तमराव सुरुंगानंतर फार लवकर खाली उतरले. खाली धूर कोंदलेला होता. ते पुन्हा वर आले ते दोराला बांधूनच. वर नाव सांगितलेला मुकादम घाबरला आणि मोटारसायकल घेऊन निघून गेला. सुमेधची आई कुशिवर्ता त्या वेळी पिठाच्या गिरणीत होती. ती आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो. तिने मला नंतर सांगितलं, "दळन घेऊन उभी व्हते मंगल. एक मानूस दुसऱ्याला सांगत व्हता, का उत्तम विहीरवाला गेला. ते मी ऐकलं. मला कुनी सांगितलं न्हाई." नवरा गेला याइतकंच ते तिला लागलेलं होतं. तेराव्या दिवशी तिने सुमेधचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि त्याच्याकडून शब्द घेतला, की यापुढे खाली उतरायचं नाही.

त्याने शब्द पाळला. नौदलाच्या भरतीचा अर्ज भरताना मी विचारलं, "पोहता येतं का?" तो म्हणाला, "न्हाई." मी म्हटलं, "हातात दोन महिने आहेत. शीक." सगळी मुलं विहिरीत शिकतात. हा गेला एका ओळखीच्याच्या शेततळ्यावर. शेततळ्याच्या कडेचा प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा, की माणूस आत पडला तर वर चढता येत नाही. मी रागावले, तर म्हणाला, "काठावर खुंटी ठोकली, तिला दोर बांधलाय, आन मामाला बसवलंय. मामा बिडी बी पेत न्हाई तवर." दोन महिन्यांनी तो पोहत होता. निवड झाली तेव्हा पेढे घेऊन आला. मी विचारलं, "जालन्याच्या माणसाला समुद्र कसा सुचला रे?" तो म्हणाला, "टँकरची वाट बघून बघून कटाळलो काकू. म्हनलं आपनच पान्यात जाऊन राहावं."

सुट्टीवर आला की तो आधी आईकडे जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे. मला कलेक्टरीणबाई म्हणायचा, कारण माझ्या टेबलावर रोजच्या कामांची यादी चिकटवलेली असते आणि झालेल्या कामावर मी लाल पेनने रेघ मारते. तो ती यादी वाचायचा, अर्थातच खालून, आणि एखादं काम न सांगता करून टाकायचा. एकदा "प्रिंटरचा कागद अडकतो" असं लिहिलेलं होतं. मी जेवून परत आले तर प्रिंटर चालू होता, त्या ओळीवर लाल रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, "रबर झिजलंय. नवं आना. जल्दी न्हाई."

जल्दी न्हाई, हे त्याचं नेहमीचं. त्याला कधी धावताना मी पाहिलं नाही. बोलायचाही मोजकं. पण काम करताना कुणी मधेच उठून गेलं तर मात्र चिडायचा. माझ्या केंद्रातली मुलगी अर्धा अर्ज ठेवून चहाला गेली, तर हा परका पोरगा तिला म्हणाला, "ताई, समोरचा मानूस तुमच्या भरवशावर बसलाय न्हवं?" ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्याच्या शेवटून दुसऱ्या सुट्टीत तो एक छापील तक्ता घेऊन आला. आणीबाणीत कुणाला कळवायचं, त्यांची नावं आणि नंबर त्यात भरायचे होते. वरच्या बाजूला शाखेचं नाव होतं. ते वाचून मी चष्मा काढला.

"पाणबुडी?"

"व्हय. नाव मीच दिलं व्हतं. ट्रेनिंग बी झालं."

"आईला सांगितलंस?"

"जहाजावर हाय म्हनलोय. जहाजच हाय ती काकू. जरा खाली जाती येवढंच."

"सुमेध, तू तिच्या डोक्यावर हात ठेवला होतास."

त्याने तक्ता बाजूला सरकवला. मग त्याने जे सांगितलं, तितकं सलग बोलताना मी त्याला एकदाच ऐकलं. "आत जागा येवढुशी. एका गादीवर तिघं पाळीनं झोपतो. एक उठला का दुसरा त्याच्याच गरम गादीवर. गादी कुनाची, कंच्या घरातली, कुनी इचारत न्हाई. बापानं येवढ्या हिरी खंदल्या. पानी लागलं का नारळ फोडायला दुसरेच उभे ऱ्हायचे. बाप लांब बसून अवजारं धुवायचा. तिथं माझ्या हातून एक नट ढिला राह्यला तर साहेब बी वर येनार न्हाई आन मी बी न्हाई. तिथं सगळे बराबर. मला तिथं करमून राह्यलंय काकू."

मग म्हणाला, "पहिलं नाव तुमचं टाकतो. आईला हिंदी समजत न्हाई. परक्या मानसानं फोनवर सांगावं, आसं नको. तुम्ही स्वता जासाल."

त्यावर मी होकार दिला. मला ते व्यवहाराचं वाटलं. एकच अट घातली: पुढच्या सुट्टीत त्याने आईला खरं सांगायचं. त्याने मान हलवली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी सवयीप्रमाणे एक झेरॉक्स काढून ठेवली. पुढची सुट्टी आली आणि गेली. मी विचारलं की "बिलकुल सांगनार, पुढच्या टायमाला," म्हणायचा. माझ्या वहीत दर महिन्याच्या एक तारखेला "सुमेध – आई" असं लिहिलेलं आहे. असे पंधरा महिने. एकाही नोंदीवर लाल रेघ नाही.

फोन आला तेव्हा सकाळचे दहा चाळीस झाले होते. पलीकडचा माणूस हिंदीत, फार सावकाश बोलत होता. सरावासाठी गेलेली पाणबुडी ठरल्या वेळी वर आली नव्हती. जागा सापडली होती, पाणबुडे उतरले होते, आतून उत्तर मिळत नव्हतं. बातमी बाहेर गेली होती, नावं गेली नव्हती. "दोन वाजता नावं जाहीर होतील. त्याआधी आईला कळायला हवं. तुम्ही जवळ आहात ना?" मी हो म्हटलं. मी त्याचं नाव आणि नंबर लिहून घेतला, शटर ओढलं आणि शाळेकडे निघाले. कुशिवर्ता शाळेत मुलांचा आहार शिजवायची.

शाळेच्या स्वयंपाकघरात दोघीच होत्या. कुशिवर्ता मोठ्या पातेल्यातली खिचडी हलवत होती, आणि तिच्या जोडीची नंदा भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवर बातम्या लावून काकड्या चिरत होती. पडद्यावर पाणी, पाणी आणि एक बोट दिसत होती.

"ये मंगल," कुशिवर्ता म्हणाली. "आज दुकान बंद का काय?"

नंदा म्हणाली, "ताई, आयकलं का? पानबुडी बुडाली म्हनं. माझ्या तर काळजात धस्स झालं, आपला सुमेध बी तिकडंच."

"आगं त्यो वरच्या जहाजावर हाय," कुशिवर्ता तिला समजावत म्हणाली. "मी सकाळीच म्हनलं, आपला न्हाई त्यात. पन कुनाची तरी लेकरं आसतीलच की. त्यांच्या आयांनी काय करावं. बंद कर नंदे ते, मला बघवना."

नंदाने मोबाइल बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला.

मी म्हटलं, "कुशिवर्ता, जरा बाहेर ये. बोलायचंय."

"लेकरांचं वाढून झालं का बोलू. खाली लागंल आता." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या दोन्ही हातांत उलथणं होतं आणि समोर उकळतं पातेलं होतं.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीस. दोनपर्यंत वेळ आहे, पातेलं उतरू दे, मुलं जेवू देत, मग सांगू, असं मी ठरवलं. मी हिशेबी बाई आहे. कामाचा क्रम लावला की मला बरं वाटतं. त्या दिवशी लावलेला क्रम चुकीचा होता. सव्वाशे मुलं रांगेत बसली. मी पळी घेतली आणि तिच्याबरोबर वाढायला लागले. ती खुशीत होती. "दुकानदारीन बाई, पळीभर वाढ, पैशे न्हाई लागत," असं तिने मला मुलांदेखत चिडवलं. मी हसलेसुद्धा. तेवढ्या वेळात नंदाचा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा माझ्या हातातली पळी थांबली.

एक वाजायला आला तेव्हा नंदा मोबाइल घेऊन दारात आली. तिचा चेहरा पाहून मी पातेलं खाली ठेवलं. पडद्यावर पाणबुडीतल्या कुणा मुलाच्या नातेवाइकाने वाहिनीला पाठवलेला एक फोटो होता: गणवेशातली पाच-सहा मुलं, एका काळ्या उंचवट्यावर उभी. डावीकडून दुसरा सुमेध.

मी नंदाच्या हातातला मोबाइल काढून घेतला, पालथा केला आणि कुशिवर्ताचं मनगट धरलं. "कुशिवर्ता, सुमेध जहाजावर नाही. त्या पाणबुडीत आहे. ती वर आलेली नाही. मला दहा चाळीसला फोन आला."

ती रडली नाही. तिने हात सोडवून घेतला. पदराला पुसला.

"पानबुडीत?"

"हो."

"तुला कवापासून ठाव?"

"पंधरा महिने."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, चूल विझवली, चप्पल घातली आणि घराकडे चालायला लागली. मी मागे गेले तर न वळता म्हणाली, "तू येऊ नको."

पुढचे चार दिवस तिने माझं तोंड पाहिलं नाही. मी तिच्या घरासमोरच्या ओट्यावर बसून फोन घ्यायचे आणि जे कळेल ते तिचा दीर भाऊराव याला सांगायचे. तो आत जाऊन सांगायचा. चौथ्या दिवशी कळलं की आत शिरता आलं आहे आणि कुणीही जिवंत नाही. सापडलेल्यांना ओळखायला आई-वडिलांचं रक्त लागणार होतं. परवा दुपारच्या आत जालन्याच्या दवाखान्यात जाऊन ते द्यायचं, तिथून पुढे पाठवायची सोय होती. उशीर झाला तर सुमेध कोणता, हे ठरवायला किती आठवडे जातील, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

कुशिवर्ताने नकार दिला. आतून तिचा आवाज मला ओट्यावर ऐकू येत होता.

"वहिनी, नुस्तं बोटभर रक्त घेत्यात," भाऊराव म्हणत होता.

"जाताना त्यानं मला इचारलं न्हाई. डोक्यावर हात ठेवून खोटं बोलला. आता माझं रक्त कशाला पायजे? ज्यांना सांगून गेला त्यांचं घ्या."

"आसं करून कसं चालंल? त्यो घरी कसा येनार मंग?"

दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी भाऊराव बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आता तुमीच बघा. ऱ्हायलेत किती तास."

मी घरी जाऊन तेव्हा ठेवलेली झेरॉक्स शोधून आणली. सकाळी सात वाजता न विचारता तिच्या घरात शिरले आणि तो तक्ता तिच्यापुढे ठेवला. समजावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. तिने कागद उजेडाकडे धरला. त्याचं अक्षर तिने लगेच ओळखलं. पहिल्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"हे काय हाय?"

"खाली काही झालं तर पहिल्यांदा कुणाला सांगायचं, ते."

"तुझं नाव हाय."

"हो."

"म्हंजे उतरताना वर तू व्हतीस."

मी तसा विचार केला नव्हता. मी म्हटलं, "हो. मीच होते."

"आन तू आलीस."

"आले. पण लगेच सांगितलं नाही. दीड तास तुझ्याबरोबर वाढत राहिले. तू नंदाला समजावत होतीस तेव्हाही मला माहीत होतं."

ती कागदाकडेच बघत होती. "त्यांच्या टायमाला मुकादम आला न्हाई. आजपत्तर न्हाई आला. रस्त्यात दिसला तर वाट बदलतो." मग उठली, दोरीवरचं लुगडं ओढलं आणि म्हणाली, "जीप बोलाव. वर तू व्हतीस, तर नेनार बी तूच."

जालन्यापर्यंत ती खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "तिथं भीत व्हता का गं?" मी तिला गादीचं सांगितलं, बापाने लांब बसून अवजारं धुतल्याचं सांगितलं, करमतंय म्हणाला तेही सांगितलं. काही गाळलं नाही आणि काही घातलं नाही. ती म्हणाली, "घरी कधी बापाचं नाव काढायचा न्हाई. मला वाटायचं इसरला." दवाखान्यात सुई टोचताना तिने बाही स्वतःच वर केली. नर्सने नातं विचारलं. "आई," ती म्हणाली, आणि मग अजून एकदा, "मी आई हाय त्याची."

सुमेध नवव्या दिवशी टेंभुर्णीत आला. पेटी बंद होती आणि उघडायची नव्हती. बरोबर आलेल्या अधिकाऱ्याने हात जोडून विचारलं, की काही विचारायचं आहे का. मी ते तिला मराठीत सांगितलं. तिने एकच विचारलं, की तो कुठे सापडला. त्याने सांगितलं, स्वतःच्या कामाच्या जागेवर. मी तेही तिला सांगितलं. तिने मान डोलावली. बुद्धवंदना झाली तेव्हा सगळं गाव उभं होतं. मुकादमही लांब, बाभळीखाली उभा होता. तिने त्याला पाहिलं आणि नजर काढून घेतली.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. कुशिवर्ताने मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ती तसं कधी म्हणालेली नाही, आणि आमच्यात पूर्वीसारखी थट्टाही होत नाही. माझ्या कामात मात्र एक बदल झाला आहे. आता मी कुणाचाही अर्ज, घरचं माणूस समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

गेल्या महिन्यात शाळेने वाचनालयाच्या खोलीला सुमेधचं नाव द्यायचं ठरवलं. पाटीसाठी गुरुजींनी चार ओळी लिहून माझ्याकडे टाइप करायला पाठवल्या. मी कुशिवर्ताला बोलावून घेतलं. ती स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मी वाचायला लागले. नाव, गाव, आई-वडिलांचं नाव, या शाळेतली वर्षं. मग वाचलं, "देशाच्या सेवेत जहाजावर कार्यरत असताना..."

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले.

"जहाज न्हाई. पानबुडी. त्यानं सोता नाव दिलं व्हतं, ते बी लिही."

मी जहाज खोडलं, दोन्ही गोष्टी टाइप केल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने अक्षर अक्षर लावून पुरी ओळ वाचली.

"आता पुढं वाच," ती म्हणाली.